लहान मूल आणि मोठा पाळणा

सोलापूरच्या माणसाला पाळण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, होम मैदानावर गड्डा उभा राहतो, आकाशपाळणे फिरू लागतात, आणि अक्कलकोट, मोहोळ, बार्शी, मंगळवेढा अशा चहूकडच्या गावांतून माणसे पोराबाळांना घेऊन शहरात येतात. पोराने गड्ड्यात हट्ट धरायचा, बापाने आधी नाही म्हणायचे आणि मग त्याला पाळण्यात बसवायचे, हा आपल्याकडे चालत आलेला रिवाजच आहे म्हणा ना!

परंतु अलीकडे पोरांच्या हट्टात आणखी एका नावाची भर पडली आहे. रायगड जिल्ह्यात, खोपोली-पाली रस्त्यावर, २०१३ साली इमॅजिका नावाची एक फार मोठी करमणुकीची बाग सुरू झाली. अशा बागेला थीम पार्क म्हणतात. नुसते पाळणे एका मैदानात उभे करायचे नाहीत, तर प्रत्येक खेळाभोवती एखादी गोष्ट रचायची, कुठे अलीबाबाची गुहा, कुठे जुन्या काळचे अजस्र प्राणी, असा तो प्रकार. मोबाइलच्या पडद्यावर ही बाग आता वाडीवस्तीवरच्या पोरालाही दिसते, आणि पाच वर्षांचे पोर आईच्या पदराला धरून विचारते, “आई, आपण कधी जायचं?”

काही घरांतून या प्रश्नाला “जाऊ की” असे उत्तर मिळालेले आहे. आजचे माझे बोलणे मुख्यत्वे त्या घरांसाठी आहे, आणि मुलांच्या सहली काढणाऱ्या शिक्षकबंधुभगिनींसाठी आहे. सांगायचे आहे ते थोडक्यात असे की, या सफरीची आखणी तिकिटाच्या मापाने करू नका, मुलाच्या मापाने करा. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात मात्र भलेभले तिथेच चुकतात.

एक घर डोळ्यांपुढे आणा. बाप यंत्रमागावर कामाला आहे. ज्या दिवशी कामावर नाही त्या दिवशीची मजुरी नाही. आईची भिशी लागली, त्यात बापाने थोडी भर घातली, आणि वर्षभराच्या काटकसरीतून एका दिवसाची ही सफर ठरली. घरात आजी आहे, आठवीतली मुलगी आहे आणि पाच वर्षांचा धाकटा आहे. आता या घराच्या मनात कोणता विचार येईल? “एवढे पैसे घालतोय, तर सकाळी दार उघडताना आत शिरायचं आणि रात्री दार लावताना बाहेर पडायचं. एकही खेळ सोडायचा नाही.” हा विचार अगदी स्वाभाविक आहे. कष्टाच्या पैशाला माणूस जपणारच. परंतु सगळ्या दिवसाचा विचका करणारा विचारही हाच आहे. का, ते आता पाहू.

पहिली गोष्ट उंचीची. या बागांतून मुलाचे वय कोणी फारसे विचारत नाही, उंची विचारतात. तिकिटाचा दर पुष्कळदा उंचीवर ठरतो आणि प्रत्येक खेळाच्या दाराशी उंचीची खूण केलेली असते. खुणेपर्यंत डोके पोचले तर आत, नाही तर बाहेर. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणे पाच वर्षांच्या मुलाची मध्यम उंची सुमारे ११० सेंटिमीटर असते. मुलीची त्याहून किंचित कमी. मोठ्या, वेगवान खेळांसाठी सामान्यतः १२० पासून १४० सेंटिमीटरपर्यंत उंचीची अट असते. १२० ची खूण गाठायला मूल सहा-सात वर्षांचे व्हावे लागते, आणि १४० गाठायला दहा-अकरा वर्षांचे. म्हणजे आपल्या धाकट्याने मोबाइलवर जो उलटापालटा होणारा रोलर कोस्टर पाहून ठेवला आहे, तो त्याच्यासाठी नाहीच!

ही अट उगीच घातलेली नाही. बसणाऱ्याला जागेवर धरून ठेवणारा जो दांडा मांडीवर किंवा खांद्यावरून येतो, तो ठरावीक बांध्याच्या शरीराला बेतलेला असतो. लहान शरीर त्याच्या खालून निसटू शकते. शिवाय लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मान नाजूक. जोराचा हिसका त्या मानेला सोसत नाही. तेव्हा जाड तळव्याचे बूट घालून किंवा मुलाला टाचा उंच करायला सांगून दारवानाला चकवण्याचा प्रयत्न कोणी करू नये. ती फसवणूक दारवानाची होत नाही, आपल्याच लेकराची होते.

तर मग उपाय काय? उपाय घरच्या भिंतीवर आहे. निघण्यापूर्वी महिनाभर आधी मुलाला भिंतीला टेकून उभे करा, डोक्यावर वही आडवी धरा, पेन्सिलीने खूण करा आणि टेपने मोजा. मग त्या बागेच्या कार्यालयाला फोन करा, किंवा गावातल्या एखाद्या कॉलेजातल्या पोराकडून इंटरनेटवर पाहून घ्या, आणि कोणत्या खेळाला किती उंची लागते ते वहीत उतरवून काढा. मग मुलाला जवळ घेऊन सांगा, “बाळा, हे पाच खेळ तुझे. तो मोठा आहे ना, तो तू ताईएवढा झालास की मग.” मुलाला हे घरी कळले तर ते फार तर घटकाभर रुसेल. तेच दाराशी, तासभर रांगेत उभे राहिल्यानंतर कळले, तर ते मूल सगळ्या लोकांसमोर हिरमुसले होते. शब्द दिला होता आणि तो मोडला, एवढेच त्याला समजते. पाच वर्षांच्या पोराला सेंटिमीटर कळत नाहीत, पण दिलेला शब्द चांगला कळतो.

दुसरी गोष्ट भीतीची. आपण मोठी माणसे पाळण्यातल्या भीतीचे पैसे मोजतो, कारण ही भीती खोटी आहे हे आपल्याला ठाऊक असते. चार-पाच वर्षांच्या मुलाला ते तितकेसे ठाऊक नसते. खरे आणि सोंग यांच्यामधली रेघ त्या वयात पुसट असते. अंधारी गुहा, एकदम झालेला मोठा आवाज, कापडी प्राण्याचे सोंग घेऊन हात पुढे करणारा माणूस, यांपैकी कशानेही मूल भेदरू शकते. आपल्याकडे रामायणातल्या सोंगांना भिऊन आईच्या पदरात तोंड लपवणारी पोरे काय थोडी आहेत?

शरीराचाही यात भाग आहे. आपल्या कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. त्यांतले पाणी हलले की शरीर फिरते आहे अशी वर्दी मेंदूला पोचते. खेळात बसल्यावर डोळे एक सांगतात आणि कान दुसरेच सांगतात. या भांडणात मळमळ सुरू होते. आणि पाळणा वरून झपकन खाली येताना पोटात गोळा येतो म्हणतो ना आपण, तो गोळा काही काल्पनिक नव्हे. शरीर खाली पडू लागले की आतड्यांचा नेहमीचा भार क्षणभर हलका होतो आणि आत काहीतरी वर सरकल्यासारखे वाटते. मोठ्याला त्याची गंमत वाटते. मुलाला पहिल्यांदा तसे झाले की वाटते, आपल्याला काहीतरी झाले! तेव्हा आधी सांगून ठेवावे, “पोटात गुदगुल्या होतील बरं का, घाबरायचं नाही, सगळ्यांनाच होतात.” एवढ्याने अर्धे काम होते.

आणि एवढे सांगूनही मूल नाही म्हणाले, तर? तर ते नाही म्हणजे नाहीच समजावे. “भित्रा कुठला! बघ ती मुलगी कशी बसली,” हे वाक्य त्या दिवसापुरते तोंडातून काढू नये. जबरदस्तीने बसवलेले मूल शूर होत नाही. पुढच्या वेळी बापाने “चल” म्हटले की ते आधी बापाकडे संशयाने पाहते, एवढेच होते. उलट “बरं, नको बसू, आपण बाहेरून बघू” असे म्हणून जवळ घेतलेले मूल पुष्कळदा अर्ध्या तासाने आपणहून म्हणते, “आता बसू का?”

आता तुम्ही म्हणाल, आमचे पोर भिईल की नाही, त्याचे पाय किती चालतील, गर्दीत ते कसे वागेल, हे आधीच कसे कळावे? श्रोतेहो, त्यासाठी तर आपला गड्डा आहे! सिद्धेश्वरांच्या यात्रेतले सात नंदीध्वज तुम्ही पाहिले असतील. ते उंच, जड काठीचे ध्वज कमरेला पट्टा बांधून, तोल सांभाळत मैलोगणती न्यायचे असतात. ते पेलणारे मानकरी यात्रेच्या दिवशी एकदम उठून काठी धरतात काय? नाही. आधी कितीतरी दिवस त्यांचा सराव चालतो. मग पाच वर्षांच्या पोराला कसल्याही सरावाशिवाय बारा तासांच्या गोंगाटात नेऊन सोडायचे, हा कुठला न्याय?

म्हणून माझी सूचना अशी की, खोपोलीचा बेत असेल त्याने आधी गड्डा करावा, किंवा आपल्या गावची जत्रा करावी. मुलाला आधी लहान चक्रात, लाकडी घोड्यावर बसवावे. मग आपल्या शेजारी घेऊन पाळण्यात बसावे. नीट लक्ष द्यावे. भोंग्यांच्या आवाजाने ते कान झाकते का? किती वेळाने “उचलून घे” म्हणते? रांगेत किती वेळ तग धरते? तहान, भूक, लघवी यांचे ते वेळेवर सांगते का? दोन तासांत जे दिसेल ते वहीत टिपून ठेवा. गड्ड्यात दोन तासांनी दमणारे पोर मोठ्या बागेत दहा तास ताजेतवाने राहील, असे समजू नका. त्याचे दोन तासांचे बळ आहे ना, मग मध्ये सावलीत निजायला तास-दीड तास ठेवून त्याचे चार तास करता येतील. त्याहून अधिकाची अपेक्षा धरू नये.

तिसरी गोष्ट प्रवासाची. सोलापूर ते पुणे सुमारे अडीचशे किलोमीटर, आणि पुढे बोरघाट उतरून खोपोली आणखी पंचाहत्तर-ऐंशी. रात्रभर गाडीत बसायचे, पहाटे उतरायचे आणि तसेच बागेत शिरायचे, हा बेत कागदावर स्वस्त दिसतो. प्रत्यक्षात तो महाग पडतो, कारण न झोपलेले मूल दुपारी बारालाच किरकिर करू लागते. पुण्यात कुणी नातेवाईक असतील तर आदल्या रात्री तिथे टेकावे. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी पुण्याला नोकरीधंद्याला आहेच. मामाकडे, आत्याकडे मुक्काम झाला तर खर्चही वाचतो आणि भेटही होते. सकाळी पोटाला हलके खाऊ घालून घाट उतरावा. घाटाच्या वळणांवर मूल ओकते ते याच कानातल्या नळ्यांपायी. गाडीसाठी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि धपाटे घरून न्यावेत. बागेच्या आत मात्र बाहेरचे खाणे बहुधा नेऊ देत नाहीत. तान्ह्याचे खाणे, औषधे यांना काय सवलत आहे ते आधी विचारून घ्यावे, आणि आतल्या जेवणाचे पैसे हिशेबात वेगळे धरावेत.

ऋतूचाही विचार हवा. खोपोली घाटाच्या पायथ्याशी. पावसाळ्यात तिथे मुसळधार पाऊस कोसळतो आणि एप्रिल-मे महिन्यांत दमट उकाडा असतो. आपल्याला सोलापूरच्या कोरड्या उन्हाची सवय, हा घामट उन्हाळा वेगळा. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ यांत गर्दी फार. त्या दृष्टीने गड्डा संपल्यानंतरचे, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीतले दिवस चांगले, आणि त्यांतही आठवड्याच्या मधला वार. आता शिक्षकमंडळी कपाळाला आठ्या घालतील! परंतु बालवाडीतल्या किंवा पहिलीतल्या मुलाचा वर्षातून एक बुधवार बुडाला, तर त्याचे फारसे काही बुडत नाही. रविवारी रांगेत तीन तास घालवण्यापेक्षा तो बुधवार बरा. थोरल्या मुलीची चाचणी त्या आठवड्यात नाही ना, एवढे मात्र पाहावे.

चौथी गोष्ट चुकामुकीची. यात आपल्या जिल्ह्याला कोणी काही शिकवावे असे नाही. आषाढीला पंढरपुरात केवढा जनसमुदाय लोटतो, आणि तरी दिंडीतला माणूस आपल्या दिंडीत परत येतो, कारण दिंडीला क्रमांक असतो, पताका असते, मुक्कामाची जागा ठरलेली असते. तीच शिस्त इथे लावावी. आत शिरल्याबरोबर एक ठळक जागा ठरवावी आणि चुकलो तर इथे भेटायचे असे सर्वांना दाखवून द्यावे. मुलाला उठून दिसणाऱ्या रंगाचा सदरा घालावा आणि सकाळीच त्याचा एक फोटो मोबाइलवर काढून ठेवावा, म्हणजे कोणते कपडे होते ते आठवत बसावे लागत नाही. वडिलांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी त्याच्या खिशात असावी. नाव छातीवर लिहून मिरवू नये, कारण नावाने हाक मारणाऱ्या परक्यावर मूल चटकन विश्वास टाकते. आणि एक वाक्य त्याच्याकडून पाठ करून घ्यावे, “हात सुटला की मी तिथेच उभा राहणार.” मूल शोधत हिंडू लागले की सापडणे कठीण, एका जागी थांबले की सोपे. गणवेषातल्या माणसाला किंवा लेकुरवाळ्या बाईला सांगायचे, हेही शिकवून ठेवावे.

पाचवी गोष्ट, जिच्याविषयी सभ्य माणसे बोलायला लाजतात. इथे मला अमेरिकेतली एक हकीकत सांगावीशी वाटते. वॉल्ट डिस्ने यांचे डिस्नेलँड हे अशा सगळ्या बागांचे जणू मूळपुरुष. ते १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियात उघडले. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ झाला. बनावट पत्रिका घेऊन हजारो लोक आत घुसले, उन्हाने नवे डांबर मऊ पडून बायकांच्या बुटांच्या टाचा त्यात रुतल्या. त्याआधी नळकारागिरांचा संप झालेला. पिण्याच्या पाण्याचे नळ पुरे करायचे की स्वच्छतागृहे, असा पेच पडला, तेव्हा डिस्ने यांनी स्वच्छतागृहे निवडली. राजवाडे आणि आगगाड्या उभारणाऱ्या माणसालाही शेवटी मुलांच्या लघवीचाच विचार आधी करावा लागला! तेव्हा आत शिरल्यावर पहिला खेळ शोधण्याआधी स्वच्छतागृह कुठे आहे आणि पिण्याचे पाणी कुठे आहे ते पाहून ठेवावे. कपड्यांचा एक जोड आणि पंचा पिशवीत असावा. रांगेत उभे राहण्यापूर्वी मुलाला विचारावे, रांगेच्या टोकाशी पोचल्यावर नव्हे.

याच डिस्ने यांची आणखी एक गोष्ट फार मोलाची आहे. ते आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये घोड्यांच्या चक्रात बसवायला नेत आणि स्वतः बाकावर बसून शेंगदाणे खात राहत. तिथे त्यांच्या मनात आले की, आईबापांनी आणि मुलांनी एकत्र खेळावे अशी जागा का असू नये? डिस्नेलँडची कल्पना त्या बाकावर सुचली, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. म्हणजे या बागा निघाल्या त्या मुळी आईबापांनी मुलाबरोबर खेळावे म्हणून. आणि आज काय दिसते? बाप मोबाइल उंच धरून चित्रण करतो आहे, आई पिशव्या सांभाळते आहे, आणि मूल एकटेच घोड्यावर गोल फिरते आहे. तसे करू नका. चार फोटो काढा, मोबाइल खिशात ठेवा आणि मुलाशेजारच्या घोड्यावर बसा. लाजू नका, तिथे तुम्हाला ओळखणारे कोणी नसते.

आता पुन्हा पैशाकडे येतो. तिकीट काढले त्या क्षणी ते पैसे गेले. आत चार तास राहिलात काय आणि दहा तास राहिलात काय, ते परत येणार नाहीत. आठवडेबाजारात आपण टोपलीभर वांगी घेतो. घरी आल्यावर त्यातली चार किडकी निघतात. पैसे मोजले आहेत म्हणून ती किडकी वांगी कोणी खाते काय? मग दमून रडणाऱ्या पोराला फरफटत सहाव्या खेळाकडे नेणे, हे किडके वांगे खाण्यासारखेच नव्हे का? घरून निघतानाच ठरवून टाकावे की, धाकट्याचे पाच खेळ झाले की आपली सफर पावली. त्यापुढे जे मिळेल ते वरकड. आठवीतल्या मुलीला मोठ्या खेळांची हौस असणारच. तिच्याबरोबर एकाने जावे, दुसऱ्याने धाकट्याजवळ थांबावे, आणि मग पाळी बदलावी. म्हणून अशा सफरीला दोन धडधाकट मोठी माणसे लागतातच. आजीला न्यायचे असेल तर अवश्य न्यावे, पण तिच्या गुडघ्यांचा विचार करून. सावलीतले एक बाक तिचे, आणि तेच सर्वांच्या भेटीचे ठिकाण. आजीही त्यात खूश, आणि तिच्या मांडीवर धाकट्याची दुपारची झोपही होते.

कोणी विचारील, एवढे सगळे करून मुलाच्या लक्षात तरी काय राहणार? प्रश्न बरोबर आहे. मोठेपणी माणसाला साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या अलीकडचे सहसा आठवत नाही. म्हणून दोन-तीन वर्षांच्या मुलासाठी एवढा खटाटोप करू नये, त्याला अंगणातला झोपाळा पुरतो. पाच-सहाव्या वर्षी थोडे थोडे राहते. पण काय राहील ते आपल्या हाती नसते. परत आल्यावर “सगळ्यात काय आवडलं?” म्हणून विचारा. पोर म्हणेल, “बोगद्यात गाडी गेली ते.” म्हणजे बागेतले काहीच नाही! अशा वेळी आईबापांनी हिरमुसू नये. पोराने दिवस आपल्या मापाने पाहिला, इतकाच त्याचा अर्थ.

शिक्षकांसाठी आता दोन शब्द. शाळेची सहल नेताना मुलांच्या तुकड्या इयत्तेप्रमाणे न करता उंचीप्रमाणे कराव्यात. शाळेत आरोग्यतपासणीच्या वेळी उंची मोजलेली असतेच, ती नोंद इथे कामी येते. पहिली-दुसरीच्या मुलांना शक्यतो इतक्या लांब नेऊच नये. त्यांना जवळची बाग, जवळचा किल्ला पुष्कळ झाला. आणि वरच्या वर्गांना नेणार असाल तर आधी एक तास वर्गात शिकवून मग न्यावे. उदाहरण देतो. या बागेतल्या एका पाण्याच्या सफरीला राजासॉरसचे नाव दिले आहे. पोरे विचारतील, “सर, हा खरा होता का?” होय, खरा होता. त्याची हाडे गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्याकडे सापडली आणि २००३ साली शास्त्रज्ञांनी त्याला ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ असे नाव दिले. हा मांसाहारी प्राणी दक्खनच्या लाव्ह्याच्या काळाच्या आगेमागे, म्हणजे सुमारे साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वी, आपल्या या भूमीवर वावरत होता. ज्या काळ्या दगडाची आपली घरे आहेत आणि ज्याची माती होऊन आपल्याकडे ज्वारी पिकते, तो दगड त्याच लाव्ह्याचा. हे ऐकून गेलेल्या मुलाला ते पुतळे निराळेच दिसतील. पाळण्याचेही तसेच. १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनिअरने २६४ फूट उंचीचा लोखंडी पाळणा उभारला, त्याच्याच नावाने जगात अशा पाळण्याला ओळखतात. चाक, आस, तोल, वेग, सगळा धडा त्या एका पाळण्यात आहे.

आणि शिक्षकांना एक विनंती. सुट्टीनंतर शाळा उघडते त्या दिवशी “कोण कोण कुठे कुठे गेलं होतं?” असे हात वर करायला लावून विचारू नका. वर्गात इमॅजिकाला जाऊन आलेले एखादे मूल असते आणि ऊसतोडीला आईबापांबरोबर जाऊन आलेलीही मुले असतात. त्यांनी हात कुठे ठेवायचा? त्याऐवजी “सुट्टीत काय नवीन पाहिलंत?” असे विचारा. मग एकजण रोलर कोस्टर सांगेल, दुसरा फडात दिसलेला कोल्हा सांगेल, आणि दोघेही ताठ मानेने सांगतील. आल्याबरोबर ‘माझी अविस्मरणीय सहल’ हा निबंध लिहायला लावणेही बरे नव्हे. चित्र काढू द्या. मुलाच्या मनात काय उरले ते चित्रात आपोआप उतरते.

ज्यांना ही सफर या वर्षी परवडणार नाही, त्यांनी मनाला लावून घेऊ नये, आणि त्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नये. कर्जाच्या हप्त्याबरोबर त्या दिवसाचा आनंदही महिन्यामहिन्याला कापला जातो. गावच्या जत्रेत हाताने फिरवायचा लाकडी पाळणा येतो. त्यात आपल्या मुलाशेजारी बसा, वर गेल्यावर त्याला आपले घर दाखवा, देवळाचा कळस दाखवा, विहीर दाखवा. पाच वर्षांच्या मुलाला उंचावरून आपले गाव पहिल्यांदा दिसणे, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आणि ज्यांचा बेत पक्का आहे, त्यांनी उद्या सकाळी एवढेच करावे. मुलाला भिंतीशी उभे करावे, खूण करावी आणि तिच्याखाली तारीख लिहावी. पुढचे सगळे नियोजन त्या खुणेपासून सुरू होते.